सतरावी रांग

आमच्या सोलर प्लांटात काचा धुणाऱ्या आम्ही नऊ बायका. त्यांत असेकेन्येचं खूळ वेगळंच. सतराव्या रांगेला ती दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. त्या रांगेची वीज राजधानीत, कंपालाला, आपल्या लेकीकडे जाते, असं तिनं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"अगं बये, सगळी वीज एकाच तारेत जाते. साहेबांनी दहादा सांगितलंय," मी म्हणायचे.

"तू आपली रांग बघ."

तिची एकुलती एक लेक अकुरुट तीन वर्षांपूर्वी कंपालाला घरकामाला गेली. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन यायचा. असेकेन्येला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर, आणि बोलणं सगळ्या प्लांटला ऐकू. शेवटी ठरलेला प्रश्न, "नाताळला येतेस ना?" आणि ठरलेलं उत्तर, "बघते, आई." आमच्याकडे सगळे एकाच मडक्याभोवती बसून आपापल्या लांब नळीनं दारू पितात. दर नाताळला ही नाचणीची दारू लावायची आणि मडक्यात लेकीचीही नळी खोचून ठेवायची. त्या नळीला तीन वर्षांत कुणाचं तोंड लागलं नाही. मला त्या पोरीचा फार राग यायचा.

परवाच्या शनिवारी भर उन्हात प्लांट बंद पडला. इंजिनिअर ओमोडिंगसाहेब बाहेर येऊन म्हणाले, "सकाळपासून रखडत होती, आता सगळ्या देशाची लाइन गेली. कंपालातही लाइट नाही. लाइन नसली की आपला प्लांटही आपोआप थांबतो."

"एवढं ऊन डोक्यावर, आणि वीज नाही?"

"नाही म्हणजे नाही."

आम्ही आंब्याखाली बसून रताळ्यांच्या पुरचुंड्या सोडल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"आई, जेवलीस?"

"जेवतेय. तू काय करतेस?"

"इस्त्री. हा ढीग पडलाय कपड्यांचा."

असेकेन्येचा घास हातातच राहिला. "विजेची इस्त्री?"

"मग काय कोळशाची?" पोरगी हसली. "माझी रांग धुतलीस ना? मग चालणारच."

"जनरेटर लावलाय का गं?" असेकेन्येनं जपून विचारलं. ती लेकीला वाट काढून देत होती, हे मला कळलं.

"छे! इथं लाइट कधी जातच नाही."

साहेबांनी मान वळवली. आमच्याकडच्या कितीतरी पोरी कंपालाचं नाव सांगून समुद्रापलीकडे, आखातात घरकामाला गेल्यात. एरवी मी टोमणा मारला असता. पण त्या वेळी मनापासून वाटलं, साहेबांचं चुकलेलं असू दे, कंपालात एखादी तरी तार चालू असू दे.

"अकुरुट," असेकेन्ये म्हणाली, "तिथं ऊन फार आहे का गं?"

पलीकडे इस्त्री टेकवल्याचा आवाज आला. मग बारीक आवाजात, "फार आहे, आई."

"डोक्यावर फडकं घेत जा."

"घेते."

"आणि हात सांभाळ. इस्त्रीनं भाजेल."

असेकेन्येनं फोन ठेवला. नाताळचं विचारलंच नाही.