अर्धी शिवलेली कायाक

कायाकवर, म्हणजे शिकाऱ्याच्या एकट्याच्या होडीवर, कातडं चढवायचं ते एका दिवसात. सकाळी ओली कातडी लाकडी सांगाड्यावर ताणायची आणि ऊन डोंगरामागे जायच्या आत शेवटचा टाका घालायचा. मध्येच वाळलं तर ते आखडतं, टाक्यांपाशी फाटतं, आणि पाच सीलांची कातडी फुकट जातात. म्हणून बर्फाळ किनाऱ्यावरच्या आमच्या वस्तीत कुणाची कायाक शिवायची असली की आम्ही बायका घरची कामं टाकून जमायचो. ज्याची कायाक, त्याच्या घरची कॉफी.

त्या वर्षी मे महिन्यात एनोकची कायाक होती. एनोक माझा थोरला दीर, वस्तीतला पहिल्या नंबरचा शिकारी. माझं लग्न होऊन चारच महिने झाले होते, त्यामुळे त्याच्या कायाकला सुई लावायला मिळतेय याचंच मला अप्रूप. आम्ही सहा जणी दोन्ही बाजूंनी बसलो. टोकाशी डेबोरामावशी, कारण तिच्या शिवणीतून पाण्याचा थेंब आत गेल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. सुई आरपार घालायची नाही. कातड्याच्या अर्ध्या जाडीतूनच न्यायची.

"रेबेक्का, शिवतेयस की भोसकतेयस?" मावशी मला म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुपारपर्यंत पुढचा भाग झाला. एनोक सारखा येरझारा घालत होता. कायाकमध्ये बसायच्या जागेच्या मागे तो वाकला आणि थांबला. तिथल्या कातड्याला बोटाच्या पेराएवढी चीर होती. चरबी खरवडताना पातं घसरलं असणार. घसरतं कधीकधी.

"ठिगळ लावते मी," मावशी म्हणाली. "शोधूनही सापडणार नाही."

एनोकचं लक्षच नव्हतं. त्याची बायको आबेलोना कॉफीची किटली घेऊन येत होती. त्याने सगळ्यांदेखत तिच्या कानाखाली वाजवली. किटली दगडांवर आपटली.

"मी जीव धोक्यात घालून सील आणायचे, आणि हिने भोकं पाडायची! हात आहेत की कुत्र्याचे पंजे?"

लांब बसलेल्या पुरुषांपैकी एक जण फिदीफिदी हसला.

डेबोरामावशीने हातातला टाका पुरा केला, तातीचा दोरा दाताने तोडला, सुई हाडाच्या नळीत सरकवली आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"काय झालं?" एनोकने विचारलं.

"दमले."

"दमलीस? अजून अर्धी राहिलीय. ऊन बघ!"

"बघतेय की. छान पडलंय."

एकेक करत आणखी चौघींनी सुया ठेवल्या. उरले मी. पलीकडून माझा नवरा योनाथान डोळ्यांनी खुणावत होता, शिव, शिव. भावाची कायाक होती ना. मी आबेलोनाकडे पाहिलं. ती पडलेली किटली उचलायलाही वाकली नव्हती. मी सुई अंबाड्यात खोचली.

एनोक ओरडला, मग शिव्या दिल्या, मग हसून बघितलं. "अगं बायांनो, नवरा-बायकोचं भांडण ते. तुमचं काय गेलं?"

"काहीच नाही," मावशी म्हणाली. "म्हणून तर नुसत्या बसलोय."

मग पुरुषच शिवायला बसले. योनाथानने चार टाके घातले आणि सुई मोडली. डेबोरामावशीने मान वाकडी करून पाहिलं. "पाण्याचं सोड, यातून सीलसुद्धा आत येईल."

एनोक बादल्यांनी पाणी ओतत राहिला. पण शिवलेला भाग आखडायला लागला होता आणि उरलेल्या कातड्याला ओढत होता. कडा पांढऱ्या पडल्या. शेवटी तो मावशीपुढे येऊन उभा राहिला.

"काय पाहिजे तुला? सांग."

"मला काय विचारतोस? कातडी मी नाही कमावलेली."

त्याने बायकोकडे बघितलं. "सांग त्यांना शिवायला."

आबेलोना पुढे आली. तिने कमरेची अर्धगोल सुरी काढली. कडा कापायला आली असं त्याला वाटलं असावं. तो बाजूला झाला. तिने पहिल्या टाक्यापासून शिवण उसवायला सुरुवात केली.

"वेडी झालीस का!"

"सील तू मारलेस, मांस तू खाल्लंस," ती म्हणाली. हात थांबला नाही. "कातडी मी खरवडली, मी मुताच्या पिंपात भिजवली, केस मी काढले. माझी आहेत. मी नेतेय."

त्याने हात उगारला.

"मार. मी कुठेही पळत नाहीये."

आम्ही सहाही जणी उठून तिच्या मागे उभ्या राहिलो. एनोकचा हात वरच राहिला. मग तो हळूहळू खाली आला, आणि तो घराकडे चालायला लागला.

बायकांच्या मोठ्या होडीचा तळ त्या हिवाळ्यात फाटला होता. ओली कातडी आम्ही तिलाच शिवली. नंतरच्या आठवड्यात खाडीत बोटाएवढ्या माशांचे थवे आले तेव्हा आम्ही होडी वल्हवत तिकडे गेलो. एक वल्हं आबेलोनाच्या हातात होतं; त्या दिवसापासून ती डेबोरामावशीकडे राहत होती.

योनाथान पाच दिवस माझ्याशी बोलला नाही. सहाव्या दिवशी त्याने फाटका बूट माझ्यापुढे टाकला.

"बुटाला तोंड नाही, मालकाला तरी आहे का?" मी विचारलं.

त्याने बूट उचलून माझ्या हातात दिला. "शिवशील का?"

"विचारलंस तर शिवेन."

कायाक नसल्याने एनोक उन्हाळाभर किनाऱ्यावरून पक्षी मारत बसला. ऑगस्टमध्ये तो आमच्या मासेमारीच्या तळावर आला. "मी मारायला नको होतं," तो सगळ्यांसमोर म्हणाला.

"कुणाला सांगतोस?" मावशी म्हणाली.

तो वळला आणि आबेलोनाला तेच पुन्हा म्हणाला. तिने ऐकून घेतलं. "नवी कातडी मिळाली तर स्वतः खरवडून आण," एवढंच बोलली. दुसऱ्या शिकाऱ्यांकडून सील मागून घेऊन त्याने तशी आणली. आम्ही शिवून दिली. हिवाळ्यात वस्तीला मांस लागणारच होतं.

ती मात्र त्याच्या घरी परत गेली नाही, मावशीकडेच राहिली. एनोक प्रत्येक शिकारीतला चांगला तुकडा मावशीच्या दाराशी ठेवून जायचा. आबेलोना तो शिजवायची, सगळ्यांना वाढायची, आणि त्याचं नावही काढायची नाही.