निवाल्दो बुडत नाही

माणसाचा नवा जन्म ही या पृथ्वीतलावर घडू शकणारी सर्वांत गंभीर गोष्ट आहे. कोकिंबोत ती शनिवारी संध्याकाळी पाच वाजता घडते, आणि चर्चमधली बाप्तिस्म्याची टाकी भरायला साडेतीन तास लागत असल्यामुळे दीड वाजताच कुणालातरी नळ सोडून बसावं लागतं.

त्या शनिवारी नळापाशी एल्डर नेबेकर बसला होता; एल्डर ही मॉर्मन मिशनऱ्यांची पदवी. वय एकवीस, गाव अमेरिकेतल्या आयडाहोमधलं, जिथे बटाटे आणि मॉर्मन ही दोन पिकं उत्तम येतात. तिथल्या इतर पोरांसारखाच तोही दोन वर्षं परमुलखात धर्म सांगायला निघाला, आणि चिलीच्या या बंदरात येऊन पडला. सकाळी साडेसहाला उठायचं, पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावपट्टी, आणि मग दिवसभर टेकड्या चढून लोकांच्या फाटकांपुढे, हाक म्हणून, टाळ्या वाजवत उभं राहायचं. कोकिंबोच्या कुत्र्यांनी त्याच्या तीन पँटी फाडल्या होत्या. कोकिंबोच्या बायका जास्त दयाळू. त्यांनी सरबत दिलं, देवाबद्दलचं सगळं ऐकून घेतलं, "किती वाळलास रे पोरा" म्हणाल्या, आणि रविवारी चर्चला कुणीही आलं नाही. तेवीस महिने आणि तीन आठवडे झाले होते. बाप्तिस्मे शून्य. बुधवारी घरचं विमान होतं.

वडिलांनी कोरियात चाळीस जणांना पाण्यात घातलं होतं, थोरल्या भावानं फिलिपिन्समध्ये सत्तावीस जणांना. घरी जिन्यालगतच्या भिंतीवर दोघांचे पहिल्या बाप्तिस्म्याचे फोटो होते. घरच्यांशी पत्रव्यवहार फक्त सोमवारी, आणि गेल्या सोमवारी आईनं लिहिलं होतं, "तुझ्या फोटोसाठी खिळा ठोकून ठेवलाय. घाई अजिबात नाही."

त्याचा जोडीदार एल्डर कोंदोरी शेजारी बादली पालथी घालून शेंगदाणे खात बसला होता. जोडीदारानं जोडीदाराला नजरेआड होऊ द्यायचं नाही हा नियम. त्यामुळे टाकी भरताना बघायलाही दोघं लागत. कोंदोरी बोलिव्हियाचा. येऊन चारच महिने झाले होते, आणि नावावर नऊ.

"नऊ कसे झाले रे तुझे?" नेबेकरनं पुन्हा विचारलं.

"मी बसस्टॉपवर उभा होतो. एका बाईनं विचारलं, तुमचं चर्च कुठंय. घरात आठ माणसं होती तिच्या."

"आणि मी दोन वर्षं काय केलं?"

"तू बसनं गेलास," कोंदोरी म्हणाला. "पण मन छोटं करू नको. तुझा एकच आहे, पण एकशे बेचाळीस किलोचा आहे. वजनावर बघितलं तर माझे दोन-तीन त्यात गेले."

हा एकशे बेचाळीस किलोचा आत्मा म्हणजे निवाल्दो बाराझा, बंदरावरचा मासळीवाला. नेबेकरनं त्याच्यामागे चौदा महिने घालवले होते. मॉर्मनांना वर्ज्य म्हणून निवाल्दोनं आधी सिगरेट सोडली, मग कॉफी. वाइन सोडताना तो रडला. चहा सोडताना त्यानं नेबेकरला, आयडाहोला आणि बटाट्यांना शिव्या दिल्या, पण सोडला.

पाच वाजता हॉल भरला. चर्चमधली सगळ्यांत मोठी पांढरी वस्त्रं निवाल्दोच्या मांडीपाशी अडत होती, म्हणून त्याची बायको एदुविना हिनं दोन चादरी जोडून नवा झगा शिवला होता. मासळीबाजारातले सातआठ जण मागच्या बाकावर दाटीवाटीनं बसले होते. निवाल्दो पायऱ्या उतरून टाकीत शिरला तसं पाणी काठावरून बाहेर आलं आणि पहिल्या रांगेतल्या बायकांनी पाय वर घेतले.

आता नियम असा आहे की माणूस एका क्षणी सगळाच्या सगळा पाण्याखाली गेला पाहिजे. बोट राहिलं, केस राहिला, तर पुन्हा पहिल्यापासून. हे बघायला दोन साक्षीदार असतात. एक होता कोंदोरी. दुसरे बंधू ओस्वाल्दो, रेल्वेतले निवृत्त तिकीट तपासनीस. त्यांनी चाळीस वर्षांत स्वतःच्या सासऱ्यालाही सोडलं नव्हतं.

नेबेकरनं उजवा हात वर केला, निवाल्दोचं पूर्ण नाव उच्चारलं, प्रार्थना म्हटली आणि त्याला मागे झुकवलं. निवाल्दो गेला. वर आला. हॉलमध्ये हुंदका फुटला.

"अंगठा," बंधू ओस्वाल्दो म्हणाले.

"काय?"

"डाव्या पायाचा. बाहेर होता."

दुसऱ्या वेळी झग्यात हवा भरली आणि निवाल्दो टाकीच्या मधोमध तंबूसारखा तरंगला.

"पोट," बंधू ओस्वाल्दो म्हणाले.

"अरे म्हाताऱ्या, पोट आत घे!" एदुविना ओरडली.

"आतच आहे गं! बाहेर दिसतेय ती तुझी चादर!"

तिसऱ्या वेळी कोपर. चौथ्या वेळी पोट दाबलं तर पाय वर आले, पाय दाबले तर डोकं. पाचव्या वेळी थंडीनं दात वाजत असताना नेबेकरनं निवाल्दोऐवजी स्वतःचंच नाव घेतलं, तेही बाद. दरवेळी पियानोवरच्या बाई भक्तिगीत सुरू करत आणि दुसऱ्या ओळीत थांबत. मागच्या बाकावर आता मोठ्यानं आकडे मोजले जात होते.

"निवाल्दो, लिंबू मारू का वरून?" कुणीतरी ओरडलं.

"माझ्यामुळे तुला त्रास," निवाल्दो कुजबुजला. त्याचे डोळे हसून हसून पाणावले होते. "पण पोरा, खरं सांगू? मला मजा यायला लागलीय."

नेबेकरला हसू येत होतं आणि येऊ द्यायचं नव्हतं. सहाव्या वेळी त्यानं निवाल्दोच्या छातीवर सगळं अंग टाकलं. परिणामी नेबेकर पूर्ण बुडाला, आणि निवाल्दो पूर्ण तरंगला.

"मिशनरी मान्य," बंधू ओस्वाल्दो म्हणाले. "दुसरा नाही."

इथं नेबेकर फुटला. तो टाकीची कड धरून असा हसला की बिशप गायेगियोस, जे एरवी विजेचं सामान विकतात आणि कधी हसत नाहीत, तेही पियानोमागे गेले.

तेवढ्यात रोसामेल उभा राहिला. रोसामेल शिंपले काढणारा पाणबुड्या, निवाल्दोचा शाळूसोबती. त्याच्या हातात शिशाची वजनं ओवलेला कमरपट्टा होता. "गाडीतच होता," तो म्हणाला. "चौदा किलोचा आहे. मीही तरंगतोच की याच्याशिवाय."

बिशपनी चष्मा लावला आणि नियमपुस्तक उघडलं. पानं उलटण्याचा आवाज तेवढा येत होता.

"शिशाबद्दल काही लिहिलेलं नाही," बिशप शेवटी म्हणाले. "लिहिलेलं नाही म्हणजे मनाई नाही."

पट्टा निवाल्दोच्या कमरेला पुरेना, म्हणून छातीवर आडवा ठेवून दोरीनं बांधला. नेबेकरनं हात वर केला, नाव बरोबर घेतलं, प्रार्थना म्हटली. निवाल्दो मागे झुकला आणि गेला. अंगठा गेला, पोट गेलं, चादरीचं शेवटचं टोक गेलं. पाणी सपाट झालं.

"मान्य!" बंधू ओस्वाल्दो म्हणाले, आणि पहिली टाळी त्यांनीच वाजवली.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. टाळ्या बऱ्याच वेळ चालल्या. त्यांच्या शेवटाकडे एदुविनानं विचारलं, "पण तो वर का येत नाही?"

कोंदोरी बूट आणि टायसकट टाकीत पडला. मागोमाग रोसामेल. मागोमाग अर्धा मासळीबाजार. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं वर ओढलं. त्यात दोनदा नेबेकर वर आला. अखेर निवाल्दो फवारा सोडत प्रकटला आणि त्यानं नेबेकरला असं कवटाळलं की त्याचे पाय टाकीच्या तळापासून सुटले.

"झालं ना रे? झालं?"

"झालं!" नेबेकर ओरडला. "झालं, बंधू, झालं!" एकवीस वर्षांच्या आयुष्यात तो इतक्या मोठ्यानं कधी ओरडला नव्हता. पियानोवरच्या बाईंनी गीत सहाच्या सहा कडव्यांसकट वाजवलं. फोटोत ओले चौदा जण आले. मग सगळ्यांनी मिळून पन्नास एम्पानाडा, म्हणजे खिम्याच्या करंज्या, आणि चार केक संपवले, आणि नेबेकरनं त्यातल्या नऊ एम्पानाडा उभ्या उभ्या खाल्ल्या.

सोमवारी तो कोंदोरीला घेऊन बाप्तिस्म्याचा दाखला घ्यायला गेला. चर्चचा कारकून संगणकापुढे बसला होता. त्यानं पूर्ण नाव टाकलं, निवाल्दो देल कार्मेन बाराझा ओलिवारेस, जन्मतारीख टाकली, आणि थांबला.

"हा आहे आपल्याकडे," तो म्हणाला. "बाप्तिस्मा तेरा ऑगस्ट एकोणीसशे बाहत्तर. वय अकरा."

दोघं तडक बंदरावर गेले, तर निवाल्दो कोंगर मासा साफ करत होता. त्याला आठवायला थोडा वेळ लागला.

"हां, ते!" तो म्हणाला. "दोन गोरे पोरगे होते, तुझ्यासारखेच. फुटबॉलच्या टीममध्ये घ्यायचे. आधी पाण्यात बुडवायचे. मला वाटलं, पोहायला शिकवतायत."

एका माणसाचा दुसरा बाप्तिस्मा नोंदवायला संगणकात रकाना नाही.