मांडीवरचा मडगार्ड

मी एका जीपच्या डाव्या चाकावरचा मडगार्ड बोलतोय. डाव्याच, असं मला वाटतं. आता जीप शेजारी नाही, त्यामुळे डावं-उजवं कशावरून ठरवायचं हा प्रश्नच आहे. पुढचं सगळं मला नीट आठवतंय अशी खात्रीही मी देत नाही. पत्र्याची आठवण ती. गंजाबरोबर थोडी थोडी गळते.

चिखल अंगावर घ्यायचा आणि आतल्या माणसांना कोरडं ठेवायचं, एवढंच माझं काम. एका सरकारी खात्यात मी ते बरीच वर्षं केलं. मग लिलावात धोंडीराम सरांनी जीप घेतली. सर सोलापुरातले तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. त्यांनी मला हिरवा रंग दिला आणि त्या दिवसापासून जीप फाटकाबाहेर काढायला ते घाबरू लागले.

सरांची थोरली बहीण मथुराबाई मोडनिंबच्या पुढे वस्तीवर राहायची. श्रावण लागला तसा तिचा फोन आला. सर फोन मोठ्या आवाजावर लावत, म्हणून मलाही ऐकू आलं.

"धोंड्या, जीप घेतलीस म्हनं. औंदा पंचमीला यायचं. चतुर्थीला तुझ्या नावाचा उपास धरनार हाय, अन् तू आल्याबिगर सोडनार न्हाय."

"ताई, तुझं वय काय आता?"

"म्हनूनच म्हंते, लवकर ये."

वस्तीच्या वाटेला उजवीकडे कालवा, डावीकडे वेड्या बाभळी. काटे माझ्या नव्या रंगावर ओरखडे काढणार, या विचाराने सरांची झोप उडाली. मला संरक्षण हवं हे ठरलं. कुठलं, ते ठरेना.

चतुर्थीला आम्ही चांदसाबच्या गॅरेजात. त्याने रबराची झालर, फायबरची पट्टी आणि लोखंडी पाइपचा कठडा पुढे मांडला. रबर उन्हात तडकतं, असं सरांना वाटलं. फायबर ठिसूळ वाटलं. कठड्याच्या वजनाने मीच खाली येईन, अशी भीती वाटली.

"म्हणजे संरक्षणातच धोका आहे," सर म्हणाले.

"सर, काटे कू क्या मालूम तुम पीएचडी है?" चांदसाब म्हणाला. "कुछ बी लगाव, वो घासताच."

दिवस मावळला. दुसऱ्या दिवशी पंचमी. सकाळी सर रबरावर आले. चांदसाबने पातं उचललं, तेवढ्यात पुरणाच्या दिंडांचा डबा घेऊन बसलेल्या महादेवीबाई, म्हणजे सरांच्या पत्नी, ओरडल्या, "थांबा! आज पंचमी. कापायचं नाही, चिरायचं नाही."

"मग भोकं पाडून कठडा बसवू?" सरांनी विचारलं.

"भोकही नाही. अहो, आज मी भाजीसुद्धा चिरली नाही. तिकडं वन्सं उपाशी असतील."

"फराळाचं खात असेल गं ती."

"आणि नसतील खात, तर?"

सर जुन्या टायरवर बसले. दुपार टळली. मग ते ताडकन उठले. "ज्या मडगार्डला धोका आहे तो जीपवर नसेलच, तर धोका कुणाला?"

चांदसाब महादेवीबाईंकडे वळला. "भाभी, नट खोलना चलता ना आज?"

त्यांनी विचार केला. पान्याबद्दल शास्त्रात काही आठवेना. "चालतं," त्या म्हणाल्या.

मला उतरवलं. मथुराबाईंसाठी नवी पेठेतून आणलेल्या चादरीत गुंडाळलं आणि महादेवीबाईंच्या मांडीवर ठेवलं. अशी आमची वरात निघाली.

वस्तीची वाट कालव्याच्या झिरप्याने राड झाली होती. डावं चाक उघडं. चिखल उडे तो थेट डावीकडे बसलेल्या महादेवीबाईंवर. त्या माझ्यावर ओणव्या होऊन मला झाकत होत्या. जन्मात मी एवढा कोरडा कधी नव्हतो, आणि एवढा ओशाळलोही नव्हतो.

"बायको धुता येते, रंग परत येत नाही, असंच ना?" त्या म्हणाल्या.

सरांनी विचार केला. "तत्त्वतः, हो."

दिवेलागणीला पोचलो. मथुराबाई चौकटीला धरून उभ्या होत्या.

"अगं बया! कुनाचं प्वार आनलंस मांडीवर?"

चादर उलगडली. त्या इतक्या हसल्या की त्यांना खालीच बसावं लागलं.

"ताई, उपास?" सरांनी घाबरत विचारलं.

"कवाच सोडला. तुझ्यापायी मरू व्हय?"

सरांचा जीव भांड्यात पडला. "बघ, मी म्हणत नव्हतो?" असं ते महादेवीबाईंना दोनदा म्हणाले. मथुराबाई एकामागून एक दिंडं खात होत्या.

परत निघताना माझे नट सापडेनात. चिखलात पडले असावेत. "पुढच्या खेपेला नेतो," सर म्हणाले. पण पुढच्या खेपेला जीपवर दुसराच मडगार्ड होता, रबराच्या झालरीसकट. मी वस्तीवरच राहिलो, उताणा. माझ्या खोबणीत कोंबड्या पाणी पितात. तक्रार नाही. तुमच्याकडे मडगार्ड असेल तर एवढंच करा, त्याला चिखल खाऊ द्या. त्याने त्याचं काही बिघडत नाही.

मथुराबाई आता नाहीत. त्या पंचमीबद्दल मला शंका होतीच, पण माझ्या शंकांना कोण विचारतो? खात्री फार वर्षांनी झाली. सर लांब उभे राहून जीप पुसत होते. महादेवीबाईंनी मथुराबाईंच्या सुनेला, सिद्धेश्वरीला, हळूच विचारलं, "त्या दिवशी वन्संनी उपास कधी सोडला होता गं?"

कोंबड्यांना पाणी ओतत ती म्हणाली, "तुमची दिंडं खाल्ली की, तवाच. आदल्या दिसापासनं पान्याबिगर काय न्हवतं पोटात. जीपचा आवाज आला तशा म्हनल्या, त्याला सांगू नगंस, लई जीवाला लावून घेतो."