आठवी काच

"ठेचा त्याला! अजून श्वास चालू आहे!"

भर दुपारी तळ्याकाठी दोनशे माणसं जमली होती आणि मधोमध नावाडी पालथा पडला होता. तळं लाल झालं होतं. कपडा बुडवला तर डाग पडावा इतकं लाल. काठाला मेलेल्या मासळीचा खच पडलेला. आठवडाभरात चाळीसेक पोरं ओकून ओकून आडवी झालेली. आणि काठावरच्या मठाच्या ओट्यावर बुवा डोळे पांढरे करून घुमत होते.

"पाण्याला जखम झालीय! सात काचा... काळ्या दोऱ्यानं पाण्याखाली टांगल्यात... तळ्याचं रक्त पितायत! ज्यानं टांगल्या त्याचं रक्त सांडेल, तेव्हाच पाणी निवळेल!"

लोकांनी पाण्यातले खांब चाचपले. निघाल्या की हो सात काचा! बोटभर लांबीच्या, काळ्या दोऱ्याला बांधलेल्या. झालं! पाण्याखालचं ज्याला दिसतं तो खोटा कसा असेल? दोनशे जणांनी अक्कल तिथेच गहाण टाकली. दर पंधरवड्याला त्या खांबांपाशी कोणाची होडी जाते हे सगळ्यांना ठाऊक होतं. पहिली काठी घातली ती नावाड्याच्या सख्ख्या मेहुण्यानं. मेहुण्याची मुलगी तीन दिवस अंथरुणाला खिळलेली होती. काठी नावाड्याच्या डाव्या डोळ्यावर बसली.

पंपघरातली पाणी तपासणारी बाई धावत आली तेव्हा तिच्या काखेत सूक्ष्मदर्शकाची पेटी होती. काचा तिच्याच होत्या; पाण्यातलं शेवाळ त्यांवर धरतं, ते तपासायला तिनं टांगलेल्या. नावाडी बिचारा तिला फक्त होडीतून न्यायचा. तिच्या कपाळावर दगड बसला, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ती नावाड्याच्या अंगावर आडवी पडली. भीतीपेक्षा तिला संताप जास्त आला होता. माझ्या कामापायी हा माणूस मरतोय, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

"बुवा!" ती ओरडली. "काचा किती म्हणालात?"

"सात! अंतर्दृष्टीला दिसल्या!"

"खोटं! आठ आहेत!"

"कबूल झाली! कबूल झाली!" लोक चेकाळले. मेहुण्यानं पुन्हा काठी उगारली.

"हो, झाले कबूल! मारा मला. पण आठवी कुठे आहे ते आधी या अंतर्ज्ञान्याला विचारा."

बुवांनी घसा खाकरला. "आठवी... आठवी वायुरूप आहे. भक्तांना ती दिसायची नाही."

"तुम्हालाही दिसली नाही, कारण ती तुमच्याच मठाच्या भिंतीखाली आहे! सात काचा मी उन्हात टांगल्या आणि तुम्ही मठाच्या गच्चीवरून मोजल्या. आठवी पंधरा दिवसांपूर्वी धुक्यात, एकटीनं टांगली. गच्चीवरून भिंतीचा पायथा दिसत नाही, बुवा!"

मेहुणा गोंधळला. काठी टाकून तो मठाच्या भिंतीखाली पाण्यात उतरला आणि नाक दाबून ओकला. तिथे मनगटाएवढी नळी भकाभका घाण ओतत होती. तिच्या तोंडाशी काळा दोरा होता आणि दोऱ्याला काच. लाल बुळबुळीनं बरबटलेली.

बाईनं सूक्ष्मदर्शक मांडला आणि मेहुण्याला पुढे ओढलं. "बघ. ही पलीकडच्या टोकाची पहिली काच."

"बारीक होड्यांसारखं काहीतरी आहे. काचेसारखं चकाकतंय."

"ते स्वच्छ पाण्यातलं शेवाळ. आता आठवी बघ."

"अगं आई गं... नुसते लाल धागे! धाग्यांवर धागे!"

"हे घाणीवर पोसलेलं शेवाळ. त्यानंच तळं लाल झालंय आणि त्याच्याच विषानं तुझी पोरगी ओकतेय. काच रक्त पीत नाही रे, ती पाण्याची चुगली करते. पहिलीपासून आठवीपर्यंत धागे वाढत जातात, आणि वाट थेट मठातल्या तीनशे माणसांच्या संडासाशी पोचते. मी काचा मोजतेय हे बुवांना कळलं होतं, म्हणून हा सगळा तमाशा!"

मग मेहुण्यानं किंचाळत बुवांची गचांडी धरली. दोनशे माणसं ओट्यावर तुटून पडली. बुवांचे दात पडले, बरगडी मोडली. बाई मध्ये घुसून मार खात ओरडत राहिली, "अरे, मगाशीही न बघताच मारत होतात! नळी बंद करा, याला पोलिसांत द्या!" शेवटी नावाडीच कसाबसा उठून बसला आणि त्याचा चेहरा पाहून लोकांचे हात खाली आले. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता खड्डा होता.

पुढे बुवा तुरुंगात गेले, नळीही बुजवली. तळं मात्र लगेच निवळलं नाही. घाण कित्येक वर्षांची होती.

दोन महिन्यांनी नावाडी पंपघरात आला. मागे मेहुणा, दारातच मान खाली घालून उभा. बाहेर बरेच लोक जमले होते.

"दाजी," मेहुणा रडत म्हणाला, "तुमचा डोळा मी..."

नावाड्यानं वाकून उजवा डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावला आणि बराच वेळ काच पाहिली.

"धागे कमी झालेत, ताई," तो म्हणाला. मग तो दाराकडे वळला. "यात बघायला एकच डोळा लागतो. त्या दिवशी तुम्हा सगळ्यांकडे दोन-दोन होते. मला मारायच्या आधी एकानं जरी नीट बघितलं असतं, तर माझेही दोन राहिले असते."