पहिल्या खिळ्यावरचा चिमटा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी चिमटा आहे. कपडे वाळत घालायचा असतो ना, तोच. लोह्याच्या आठवडी बाजारातून डझनाच्या पाकिटात मी रेणुकादास गुरुजींच्या घरी आलो आणि दोन वर्षं त्यांचे सदरे, पंचे वाऱ्यापासून सांभाळले. मग गुरुजी निवृत्त झाले. आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस, घरी बसवतंय होय! ते गावातल्या वाचनालयाचं काम बघू लागले आणि एके दिवशी आम्हा बाराही भावंडांना पिशवीत घालून तिकडे घेऊन गेले.

तिथल्या भिंतीवर गुरुजींनी एका ओळीत सात खिळे ठोकले होते आणि त्यांवरून दोरी ताणली होती. प्रत्येक खिळ्याखाली पाटी होती: मांडलं, समिती, लोकसभा, राज्यसभा, सही, राजपत्र, लागू. दिल्लीत एखादं विधेयक आलं की गुरुजी त्याचं नाव चिठ्ठीवर लिहायचे आणि आमच्यापैकी एकाच्या तोंडात द्यायचे. विधेयक पुढे सरकलं की चिमटाही पुढे. "स्वतः वाचल्याशिवाय चिमटा हलणार नाही," हा त्यांचा नियम. रोज सकाळी चष्मा कपाळावर चढवून ते मोबाईलवर संसदेचं कामकाज वाचायचे आणि आम्ही सगळे त्यांच्या हाताकडे बघत राहायचो.

माझ्या वाट्याला आलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'प्रत्येक जिल्हा रुग्णालयात खुणांची भाषा जाणणारा दुभाषी.' विधेयक खासगी होतं, म्हणजे सरकारनं नव्हे, लोकसभेतल्या एका खासदारानं मांडलेलं. अशांची पाळी शुक्रवारी दुपारी, तीही सोडतीत नाव निघालं तर. आणि शुक्रवारी कधी गोंधळ, कधी सुट्टी! माझा स्वभाव मुळात चुळबुळ्या. शेजारचा चिमटा पंधरा दिवसांत शेवटचा खिळा गाठायचा आणि मी आपला पहिल्यावरच. असा जळफळाट व्हायचा माझा, काय सांगू!

माझ्याइतकीच अस्वस्थ एक बाई होती. शाळेत खिचडी शिजवणारी सिंधुताई. दर शनिवारी काम उरकून, पदराला हात पुसत ती दारातूनच विचारायची, "गुरुजी, आमचा चिमटा हालला का?"

"न्हाई हो ताई. कालही सभागृह तहकूब झालं."

"लई दिस झाले की वो. ह्येला काई मुद्दत हाय का न्हाई?"

तिची मुलगी दामिनी वीस वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नव्हतं, पण लातूरच्या शाळेत राहून खुणांची भाषा आणि लिहिणं-वाचणं झकास शिकलेली. चार महिने तिचं दुखत होतं. एकदा रुग्णालयात नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं आईला, आणि आईनं घाबरून सांगितलं पोटात जळजळ होते म्हणून. औषध मिळालं जळजळीचं. दामिनीनं खुणांनी सांगून टाकलं, दुभाषी मिळेपर्यंत मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. रात्र रात्र तळमळायची पोरगी, पण हट्ट सोडत नव्हती.

अशात गुरुजी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला गेले. वाचनालयात कोणी नसताना सिंधुताई आली. तिनं इकडेतिकडे बघितलं आणि मला उचलून थेट सातव्या, 'लागू'च्या खिळ्यापाशी नेऊन लावलं.

खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला! इतके दिवस ज्याची वाट बघितली ते झालं होतं. मग ती दामिनीला हाताला धरून घेऊन आली. दामिनीनं दोरीकडे एकदाच बघितलं आणि आईला कडकडून मिठी मारली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं दोघी नांदेडच्या जिल्हा रुग्णालयात गेल्या.

आठवड्यानं गुरुजी डोळ्याला काळा चष्मा लावून परतले, त्याच दिवशी दामिनी आली. मागे मान खाली घालून सिंधुताई. दामिनीनं वही गुरुजींच्या पुढ्यात ठेवली. गुरुजींना मोठ्यानं वाचायची सवय, म्हणून मला कळलं.

'खिडकीवरच्या बाबूंना मी लिहून विचारलं, दुभाषी कुठे बसतात? ते हसले. मी लिहिलं, कायदा लागू झालाय. त्यांनी नकाराची मान हलवली. मग मी आईला मागे सारलं आणि डॉक्टरांना सगळं स्वतः लिहून दिलं. उजवीकडे दुखतं, पाठीतून खाली, चार महिने. मुतखडा निघाला. आता उपचार चालू आहेत. पण गुरुजी, कायदा कुठे आहे?'

गुरुजींनी दोरीकडे बघितलं. "हा इथं कसा आला?"

"म्याच सरकिवला," सिंधुताई रडायलाच लागली. "पोरगी यायला तयार न्हवती वो."

"अहो, दहा गावची माणसं ह्या दोरीवर विश्वास ठेवून राहिलीत, ताई!" गुरुजींचा आवाज चढला. त्यांनी मला उचललं आणि पुन्हा पहिल्या खिळ्यावर लावलं. दामिनी ते बघत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून तिनं आईशी हातांनी बोलणं बंद केलं.

पुढे त्या लोकसभेची मुदत संपली. मंजूर न झालेलं असं विधेयक तिच्याबरोबरच संपतं. गुरुजींनी माझी चिठ्ठी बुटांच्या खोक्यात ठेवली आणि मला टेबलाच्या खणात टाकलं. तिथं वर्षभरात माझी स्प्रिंग गंजली. उघडायला कोणी नाही, विचारायला कोणी नाही.

मग एका सकाळी खण उघडला. दामिनी होती, हातात हातोडी. तिनं पहिल्या खिळ्याच्याही डावीकडे आठवा खिळा ठोकला आणि खाली पाटी लावली: 'आम्ही मागतो'. नव्या खासदारांना द्यायचं निवेदन तिनं स्वतः लिहिलं होतं, तो कागद माझ्या तोंडात दिला. पूर्वीपेक्षाही मागे बसवलं मला! पण या वेळी मी चिडलो नाही. कागदाखाली रोज सह्या वाढत होत्या.

शनिवारी सिंधुताई आली. तिचा हात माझ्याकडे आला तसा माझा जीव वरखाली झाला. तिनं मला हलवलं नाही. कागद धरला आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत सही केली. दामिनी बाजूलाच उभी होती. तिनं हात हलवले, आईनंही हलवले. काय बोलल्या ते मला कळलं नाही, पण दोघी बराच वेळ बोलत होत्या.

मित्रांनो, लोह्याला आलात तर दोरी बघायला नक्की या. मला पुढे सरकवायची घाई मात्र करू नका, ते काम दिल्लीत झालं की गुरुजी करतील. तुम्ही सही करा. पेन दोरीलाच बांधलाय.