धनुष्याची दुपार

गाडीच्या मागच्या सीटवर धनुष्य झोपलं होतं आणि पुढे आम्ही दोघं नवराबायको दबक्या आवाजात बोलत होतो. मोठ्याने बोललो तर ते उठून रडायला लागेल असं वाटावं, इतका रस्ता शांत होता. काचा अर्ध्या खाली होत्या. सकाळचा गारवा अजून सरला नव्हता, तरी माझा नवरा सारखा हात मागे नेऊन सुती कापडावरून चाचपून बघत होता.

"गरम नाही ना?" मी विचारलं.

"माझ्या हातापेक्षा गार आहे."

"तुझ्या हाताचं मला नको सांगूस. समोर बघ."

ते माझ्या बाबांनी केलेलं शेवटचं धनुष्य. मधे लाकडाचा कणा, पोटाला शिंगाची पट्टी, पाठीवर जनावराच्या नसांचे धागे, आणि या तिघांना एकत्र धरून ठेवणारा सरस. खिळा नाही, स्क्रू नाही. सरस पुरता वाळायला वर्ष जावं लागतं, आणि तो सुटायला उन्हात बंद ठेवलेल्या गाडीतली एक दुपार पुरते. सरस मऊ पडतो, शिंग आपली वाट धरतं, नसा आपली. मग त्या वस्तूला कुणी धनुष्य म्हणत नाही.

हे मला लहानपणापासून पाठ. माझ्या नवऱ्याला मात्र लग्नानंतर कळलं, आणि तेही चांगलंच अंगाशी येऊन. तो लोकांना गाडी शिकवतो आणि उरलेल्या वेळात भेटेल त्याच्याशी गप्पा मारतो. लग्नाच्या नव्या नवलाईत बाबांनी त्याच्याकडे एक धनुष्य पोचवायला दिलं. वाटेत याला जुना विद्यार्थी भेटला. दोघं सावलीत उभे राहिले आणि गाडी उन्हात, आतल्या धनुष्यासकट. ते सुटलं. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "जावईबापू, तुम्ही गाडीच चालवा." आणि पुन्हा आपल्या धनुष्यांच्या कारखान्याचा विषय त्याच्यासमोर काढला नाही.

मग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. नुकताच सरस लावलेलं हे धनुष्य माझ्या खोलीत छताला टांगून वाळत राहिलं, आणि बाबा, आज आम्ही निघालो होतो त्या शहराबाहेरच्या दवाखान्यात, पलंगावर पडून राहिले. दोघांच्याही तब्येतीची चौकशी मी रोज करत होते. आमच्या घरचा रिवाज असा, की ज्याने सरस लावला त्याच्याच हाताने पहिली दोरी चढवायची. बाबांना आता एकच हात चालत होता, पण तो धनुष्यावर असला म्हणजे झालं, वाकवायचं काम आम्ही करणार होतो. वर्ष भरलं तसं त्यांनी एकच टुमणं लावलं. "त्याला एकदा दोरी चढू दे. मग मी सुटलो."

म्हातारी माणसं असं बोलतातच, म्हणून मी ते कानाआड केलं होतं.

दवाखान्याच्या फाटकावर रखवालदाराने आमची वरात अडवली. कापड बाजूला करून त्याने आत डोकावलं आणि मान हलवली. "हत्यार आत जाणार नाही."

"अहो, दोरी नाही, बाण नाही, हत्यार कसलं?"

"मग आहे तरी काय?"

 शेवटी ठरलं ते असं, की उन्हं उतरल्यावर बाबांना चाकाच्या खुर्चीतून मागच्या बागेत आणतील, बागेत धनुष्य चालेल. तोवर ते बाहेर. आणि बाहेर म्हणजे एक उघडंबोडकं मैदान, त्यात रांगेत उभ्या गाड्या, कडेला एक भिंत, पाण्याची टाकी आणि एकच बऱ्यापैकी झाड.

"तू जा," नवरा म्हणाला. "मी आहे."

"हेच तर."

बोलून गेले आणि जीभ चावली. तो हसला, पण धनुष्य उचलताना त्याने कापडाची गाठ दोनदा तपासली.

वर बाबांच्या खोलीत हिरवे पडदे ओढलेले होते. त्यातून येणारा उजेड तळ्याच्या तळाशी असावा तसा होता, आणि त्या उजेडात सगळे जण झोपेत तरंगत होते. पलीकडच्या पलंगावरचे आजोबा, स्टुलावर पेंगणारी त्यांची सून, भिंतीवरचा पंखासुद्धा. बाबा जागे होते.

"आणलंस?"

"आणलं."

"कुठे आहे?"

"खाली. जावयाकडे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या मिटलेल्या डोळ्यांत काय काय होतं ते मी मुलगी म्हणून वाचू शकत होते, आणि बायको म्हणून मला त्याचा राग आला. मी भरवलेले दोन चमचे त्यांनी गिळले आणि तिसऱ्याला तोंड फिरवलं. व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या, तेव्हा भिंतीकडे वळून झोपेचं सोंग घेतलं.

बाहेर आल्यावर नर्सने मला थांबवलं. मध्यमवयीन, रोखठोक बाई. "तुमच्या वडिलांना औषधं लागू पडतायत. पण माणूस आवराआवर करून बसलाय. आज संध्याकाळचं सारखं बोलतात. उद्याचं विचारलं की गप्प. त्यांना उद्यासाठी काहीतरी द्या हो, नाहीतर आमचा इलाज चालणार नाही."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. ते खरंच आज संपवणार होते. दोरी चढली, की त्यांच्या लेखी काम झालं. आणि ती दोरी मीच पिशवीत घालून आणली होती. 

मी जिन्याच्या खिडकीशी गेले. खाली मैदान उन्हाने पांढरं झालं होतं, गाड्यांच्या टपांवरची हवा हलत होती. आणि त्या हलत्या हवेतून माझा नवरा धनुष्य दोन्ही हातांवर आडवं घेऊन चालला होता, अगदी सावकाश. भिंतीची सावली आटत आली होती, म्हणून तो टाकीच्या सावलीकडे निघाला होता. मधला उघडा तुकडा आला तसं त्याने छत्री उघडली आणि धनुष्यावर धरली. स्वतः उन्हात.

पाण्याची बाटली घेऊन मी खाली गेले. रखवालदार त्याला सल्ला देत उभा होता. "ओला टॉवेल गुंडाळा की साहेब, गारेगार राहील." माझ्या नवऱ्याने त्याच्याकडे असं बघितलं, की जणू त्याने तान्ह्या बाळाला विहिरीत सोडायला सांगितलं होतं. "पाण्याने सरस फुगतो," तो म्हणाला. ही विद्या याने कधी मिळवली देव जाणे.

नर्स काय म्हणाली ते मी त्याला सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं. "दोरी नाही चढवली तर ते माझ्यावर चिडून जातील, आणि चढवली तर निवांत होऊन जातील. मी काय करू?"

त्याने टाकीच्या भिंतीला धनुष्याचं टोक टेकू नये म्हणून आपला पाय मधे घातला, आणि बाटली तशीच माझ्या हातात राहिली.

परत वर येऊन खुर्चीत बसले आणि माझाही डोळा लागला. कारखाना दिसला. छताला ओळीने धनुष्यं टांगलेली, खाली मी इवलीशी, उताणी पडून त्यांना मोजत असलेली. सरस शिजतोय, त्याचा वास येतोय. बाबा दोन्ही हातांनी काम करतायत. मी विचारते, बाबा, हे कधी होणार? ते म्हणतात, होईल गं, घाई काय आहे. स्वप्नातसुद्धा मला कळत होतं, की हे वाक्य मला जागेपणी हवंय.

उन्हं कलली. बाबांनी स्वच्छ शर्ट मागून घेतला, केस विंचरून घेतले. खुर्ची ढकलत मी त्यांना बागेत आणलं तेव्हा त्यांचा चेहरा इतका निवळलेला होता, की मला तो पाहवेना. झाडाखाली नवरा उभा होता. नाक भाजून लाल, मानेवर उन्हाचे चट्टे, शर्टावर घामाचे पांढरे नकाशे. धनुष्य त्याने बाकावर ठेवलेलं होतं.

मी पिशवीतून दोरी काढली.  बाबा म्हणाले, "दे."

"बाबा," नवरा मधेच बोलला, "दोरी नका चढवू. धनुष्य तापलंय."

मी वळून बघितलं.

"गाडीत ठेवलं होतं मी. काचा बंद होत्या. बसल्या बसल्या झोप लागली." तो जमिनीकडे बघत होता. "माझी चूक झाली. पुन्हा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धादांत खोटं! दिवसभर ज्याने ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं, त्याने आपल्या तोंडाने आपल्याच तोंडाला काळं फासावं? मी कापड सोडवून शिंगावर हात ठेवला. ते माठाच्या पाठीसारखं गार होतं. मी तोंड उघडलं आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, तो काय करतोय ते. तापलेल्या पण अजून न सुटलेल्या धनुष्याला लगेच दोरी चढवत नाहीत. सरस पुन्हा बसेपर्यंत त्याला सावलीत तसंच ठेवावं लागतं, कित्येक महिने. मी तोंड मिटलं. आयुष्यात मला इतकं प्रेम कुणाचं आलं नव्हतं, आणि तेही बोलायची सोय नव्हती.

"बघू," बाबा म्हणाले.

मी धनुष्य त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी उजवा तळवा शिंगावर ठेवला, टोकापासून मुठीपर्यंत नेला, मुठीपासून दुसऱ्या टोकापर्यंत. जन्मभर सरस ओळखणारा तो हात. त्या हाताशी खोटं बोलणं शक्य नव्हतं हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. झाडातून उजेड गळत होता. मग बाबांनी मान वर करून जावयाकडे पाहिलं. भाजलेल्या नाकाकडे पाहिलं, मानेकडे, शर्टाकडे. बराच वेळ पाहत राहिले.  आता ते म्हणतील, दोरी दे, आणि मला द्यावी लागेल.

"तापलंय," बाबा म्हणाले.

 नवऱ्याने मान आणखी खाली घातली.

"मग आता?" मी विचारलं. आवाज माझा मलाच परका वाटला.

"टांगून ठेव. थंडी पडेपर्यंत हात नाही लावायचा." ते थोडे थांबले. झटक्यानंतर एवढं सलग बोलायची त्यांना सवय राहिली नव्हती. "तेव्हा मी बघेन."

"तेव्हा वाकवायला तुमचा डावा हातही लागेल. व्यायाम करावा लागेल."

"कळतंय. शिकवू नकोस."

आत न्यायची वेळ झाली. सेवकाने खुर्ची वळवली, चाकं फरशीवर खडखडली. दोनचार हात गेल्यावर बाबांनी चालता हात चाकावर दाबून ती थांबवली आणि मागे न बघता मला हाक मारली.

"अगं, उभी काय राहिलीस? त्याला आधी पाणी दे. दिवसभर उन्हात होता तो."