गोजराबाईची वही आणि खंडेरावाचे ठोके

गोजराबाईचं नाक असं, की पंचवटीत कुणी मोगरा हुंगला तर मखमलाबादच्या मळ्यात बसून ती सांगे, हुंगणारी बाई कोण. यातलं निम्मंच खरं धरा. पण नवऱ्याला, खंडेरावाला, पुण्याला नेऊन दुसऱ्याचं हृदय बसवलं, तेव्हापासून त्याचा माग काढण्यावाचून त्या नाकाला दुसरं कामच उरलं नाही, हे मात्र अगदी खरं.

"परक्याचं काळीज," ती म्हणे. "त्याला मी कोण? पस्तीस वर्षं माझ्यासाठी धडधडलं ते तर काढून टाकलं!"

वर्षभर बरं चाललं. मग ऐन झेंडूच्या हंगामात खंडेरावाच्या छातीत मध्येच धडधडायला लागलं. नाशिकच्या संजना डॉक्टरांनी छातीला तारा चिकटवल्या, कमरेला काडेपेटीएवढं मशीन लावलं आणि एक वही दिली. मशीन दिवसभर ठोके टिपणार. त्या त्या वेळी माणूस काय करत होता, ते वहीत लिहायचं.

"द्या इकडं," गोजराबाईने वही ओढली. "मी लिहिते. ह्यांना काय लपवायचं ते बरोबर कळतं."

फुलबाजारात खंडेराव मास्क लावून झेंडूच्या कॅरेटांमागे बसला. त्याच्या मागे गोजराबाई, समोर बयाबाई हारवाली.

"काय खंडूभाऊ, नवं इंजिन कसं हाय?" बयाबाईने विचारलं.

"पळतंय लय."

"मग आमच्या गल्लीतून बी मारा की एक फेरी!"

गोजराबाईने पेन असं दाबलं की चार पानं खाली ठसा उमटला. 'अकरा दहा. बसलेलेच होते. बया हसली. हात छातीवर गेला.' मग, 'अकरा अठरा. बयेने वांग्याचं भरीत दिलं. हात तिथंच.' शेवटी, 'दीड. हात खाली. मी डबा उघडला. भाकरी माझी, भरीत तिचं.'

दुसऱ्या दिवशी तिने वही डॉक्टरांपुढे आपटली. "वाचा, मॅडम. पुरावा हाय."

संजना डॉक्टरांनी मशीनचा कागद आणि वही शेजारी ठेवून वेळा ताडून पाहिल्या. "ठोके एकदम एकशेचाळीसवर गेलेत. बरोबर अकरा दहाला."

"बघा! म्हनलं नव्हतं?"

"गोजरे," खंडेराव म्हणाला, "निदान दवाखान्यात तरी नको."

"काकू, बसवलेल्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. कुणाला बघून ते अशी उडी मारत नाही. चालतानासुद्धा त्याचा वेग हळूहळू वाढतो. आणि काका बसलेले होते, हे तुमच्या वहीतच आहे. म्हणजे हा ठोक्यांचा आजार. शरीर नवं हृदय नाकारतंय का, ते आजच बघायला हवं."

गोजराबाई खुर्चीत बसली ती बसलीच. बयाच असती तर बरं झालं असतं, असं जन्मात पहिल्यांदा तिच्या मनात आलं.

त्याच दिवशी हृदयाचा कणभर तुकडा काढून तपासला. शरीराने नुकतीच कुरकुर सुरू केली होती, वेळेत सापडली. औषधं वाढवली आणि महिन्याभरात ठोके रुळावर आले.

तेव्हा गोजराबाईने हळूच विचारलं, "म्हंजे मॅडम, मला बघून बी ह्ये उडत नाय?"

"नाही. पण हे बघा." डॉक्टरांनी जुना कागद काढला. "काकांच्या मूळ हृदयाची थोडी मागची भिंत शिल्लक ठेवलीये. ती अजून आपल्याच तालात चालते. ही बारीक लाट तिची. तिच्या नसा शाबूत आहेत, म्हणून मनातलं तिलाच कळतं."

गोजराबाईने चष्मा पुसला. "अकरा दहाला?"

"शांत."

"आन् दीडला?"

डॉक्टरांनी बोट सरकवलं. "इथं मात्र चांगलीच पळालीये."

"मी डबा उघडला तवा!" गोजराबाईने पदर सावरला. अशी लाजली की कानातल्या कुड्या पार लाल झाल्या. खंडेरावही मिशीत हसला. जरा जास्तच हसला. गोजराबाईने वही पुढे ओढून ती ओळ पुन्हा वाचली, शेवटपर्यंत: 'भाकरी माझी, भरीत तिचं.'

"मॅडम," ती उठून म्हणाली, "मशीन आनखी एक दिवस द्या. उद्या पिठलं नेते. माझ्या हातचं."